उंबऱ्याशी थांबलेला माणूस

लढाईवर गेलेला थोरला भाऊ परत आला, तेव्हा पासलीच्या सावळारामाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हा आपला कुंडलिक नव्हेच, असं त्याला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

कुंडलिक पलटणीत गेला तेव्हा सावळाराम अजून गुरं राखत होता. समुद्रापलीकडं बसऱ्याला पोचल्याचं कळलं, पुढं काहीच नाही. लढाई संपली, बरीच वर्षं गेली, आणि एका दिवाळीनंतर वेल्ह्याचा कोंडिबा कराचीच्या गोदीतून एका माणसाला घेऊन आला. कपाळापासून कानापर्यंत भाजलेलं, एक भुवई गेलेली, दाढी वाढलेली. आई बाळाबाई त्याला बघताच गळ्यात पडली. वाटणी द्यावी लागेल म्हणून धाकटा नाक मुरडतो, असं गावानं म्हणू नये, म्हणून सावळाराम गप्प बसला. पण त्याची नजर काही गप्प बसेना.

एक गोष्ट त्यानं लगेच हेरली. हा माणूस लहानपणच्या आठवणी सांगायचा त्या आईच्याच शब्दांत. आई म्हणायची, "आंब्यावरनं पडला तवा रगात आलं, निसतं पळसाचं फूल." हाही तेच म्हणायचा, पळसाच्या फुलासकट. पदरचं एक अक्षर नाही. दोघा भावांनी आईच्या चोरून कड्याखालचं पोळं काढलं होतं, त्याचं नुसतं नाव सावळारामानं एकदा मुद्दाम काढून बघितलं. हा नुसता हसला आणि उठून बैलांना वैरण घालायला गेला.

पुढच्या वर्षी दोघं भात घेऊन भोरला गेले. भात विकून झालं. नदीकाठी सिनेमाचा तंबू पडला होता. कुंडलिक म्हणाला, बघू या. दिवेलागणीला दोघं जमिनीवर मांडी घालून बसले.

चित्रं हलत होती, पण मुकी. पडद्याशेजारी भोरचाच मौलाली हातात पत्र्याचा कर्णा घेऊन उभा राहायचा आणि काय चाललंय ते लोकांना सांगायचा. गोष्ट अशी, की एक माणूस फार वर्षांनी घरी येतो. म्हातारा बाप दिवा वर करून त्याचं तोंड न्याहाळतो. तो माणूस उंबऱ्याशी पाय उचलतो आणि तसाच थांबतो. तिथंच चित्र संपलं, पडदा पांढरा झाला.

"बापानं लेकाला वळखलं! पोटाशी धरलं!" मौलाली कर्ण्यातून ओरडला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

कुठं धरलं? सावळाराम मनात म्हणाला. त्यानं तर असं काहीच पाहिलं नव्हतं. शेजारी बघितलं, तर कुंडलिकानं तोंड फिरवलं होतं.

सावळारामाला राहवेना. "उद्या परत बघू," तो म्हणाला. मुक्काम वाढवला.

दुसऱ्या दिवशी चित्र तेच, पाय तसाच उचललेला. पण आज मौलाली ओरडला, "ह्यो तोतया! घर लुटाया आलेला! बाप त्याला हाकलून देतो!"

कुंडलिक ताडकन उठला आणि माणसं तुडवत तंबूबाहेर गेला.

घावला, सावळारामाला वाटलं. तोतया म्हटल्यावर बरोबर झोंबलं. तरी भावाच्या मागं जाण्याआधी तो मौलालीपाशी गेला आणि त्याचा दंडच धरला.

"काल ल्योक, आज तोतया. खरं काय ते सांगा."

"मला काय ठावं?" मौलाली म्हणाला. "चित्रासंगं गोष्टीचं छापील पुस्तक येतं, ते वाचून आमी सांगतो. ह्याचं आलंच न्हाई."

"मग मनचं सांगता व्हय?"

"न सांगून कसं भागंल? लोकास्नी उंबऱ्यात सोडून घरी धाडलं, तर उद्या तंबूत चिटपाखरू येनार न्हाई. काल टाळ्या पडल्या, पर काई जण म्हनले, लई गोड झालं. म्हून आज तिखट केलं."

"आन ज्यानं चित्र काढलं, त्यानं तरी नीट का दावलं न्हाई?"

"ते त्यालाच पुसा." मौलालीनं दंड सोडवून घेतला. "पाव्हणं, म्या तोंड उघडलंच नसतं, तर तुमास्नी काय दिसलं असतं?"

सावळारामानं कोऱ्या पडद्याकडं बघितलं. "त्यो माणूस आत जायाला भ्यालाय. येवढंच."

"तर मग चित्रात तेवढंच हाय."

कुंडलिक गाडीपाशी बसला होता. सावळाराम त्याच्यासमोर उभा राहिला आणि वर्षभर तोंडात धरलेला प्रश्न त्यानं टाकला. "तू कुंडलिक हायस का?"

"ठावं न्हाई."

"म्हंजी?"

"बसऱ्याला गोळा फुटला. दवाखान्यात जाग आली, त्याच्या मागलं काईच न्हाई. गोदीत कोंडिबा भेटला, म्हनला, तू पासलीचा कुंडलिक. आईनं बाकीचं सांगितलं. म्या पाठ केलं. तिनं सांगितलं तेवढाच म्या हाय. खरा का खोटा, माजं मलाच कळत न्हाई."

"मग आलास कशाला?"

"नाव घिऊन बोलावनारा येकच भेटला, बाबा."

सावळारामाला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. त्यानं बैल जुंपले. परतीच्या वाटेवर पोळ्याची गोष्ट दोनदा त्याच्या ओठांवर आली. सांगितली असती तर उद्या हा तीही सावळारामाच्याच शब्दांत सांगू लागला असता. त्यानं ती गिळली.

घरी आल्यावर त्यानं आईला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. "आता त्याला मागलं काई सांगू नगंस. त्याचं त्याला आठवंल ते आठवंल."

बाळाबाई भडकली. "माज्या लेकराला म्या सांगू नगं? आन तुला कोन रं विचारतंय?" दोन दिवस ती सावळारामाशी बोलली नाही. पण तिनं सांगणं थांबवलं. तिला ते फार जड गेलं.

कुंडलिक आंब्याची गोष्ट सांगेनासा झाला. मग हळूहळू गोदीतलं सांगू लागला. बोटीतनं उतरवलेला हत्ती, बेसुमार दारू पिणारा मुकादम, उन्हात तापलेल्या लोखंडी साखळ्या. ते सांगताना तो अडखळायचा, मागं जाऊन दुरुस्त करायचा, हातवारे करायचा. ते बोलणं कुणाकडून घेतलेलं नव्हतं, एवढं सावळारामाला ऐकताच कळलं.

मागलं काही आठवलं नाही ते नाहीच. सावळारामाचा संशयही पुरता गेला नाही. पाटलानं, आनंदरावानं, एकदा चावडीवर हटकलं, "काय रं, खरंच का तुजा भाऊ त्यो?"

"आई म्हनती व्हय," सावळाराम म्हणाला. "मला ठावं न्हाई, आन त्यालाबी न्हाई."

"मग वाटणी देनार?"

"देनार."

पावसाळ्यात तिघं चुलीपाशी बसली होती. कुंडलिक हत्तीचं सांगत होता. हत्तीचा पाय फळीवर आला, तेवढ्यात दोर सुटला, एवढं सांगून तो चिलीम भरायला थांबला. बाळाबाई इतके दिवस त्या गोष्टींकडं पाठ फिरवून बसायची. ती आता वळली.

"आरं, मग पडला का त्यो?" तिनं विचारलं.