डावी बाजू

स्टुलावर चढून लिफ्टवाले काका चार पायांची काठी माळ्यावर ढकलत होते. काठीचा एक पाय जुन्या सुटकेसच्या कडीत अडकला होता आणि ती काही केल्या आत जाईना. खाली खुर्चीत बसलेल्या बाई नवऱ्याच्या टाचांकडे बघत होत्या. स्टूल एका बाजूने डुगडुगत होतं.

"अहो, पडाल."

"तो शब्द नको."

"बरं. खाली याल. एकदम."

काकांना हसू आलं, पण त्यांनी ते तिथेच गिळलं. काठीला शेवटचा धक्का दिला, माळ्याचा पडदा ओढला आणि भिंतीला धरून ते खाली उतरले.

दुखण्याची एकही खूण घरात दिसता कामा नये, असं मोबाइलमधल्या त्या गृहस्थाने सांगितलं होतं. पांढरा सदरा घालून, कुंडीतल्या झाडाशेजारी बसून तो फार गोड बोलायचा. मनात जे चित्र धराल तेच आयुष्यात उतरतं म्हणायचा. शंका म्हणजे आपणच आपल्या वाटेत टाकलेला धोंडा. बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, त्या हळूहळू चालू लागल्या आणि मग तिथेच अडकल्या, तेव्हापासून काका त्याचं बोलणं कानात प्राण आणून ऐकत होते. औषधांचा डबा कपड्यांमागे गेला. आंघोळीचं स्टूल गॅलरीत गेलं. पडणं, जड, सुन्न, जमत नाही, हे शब्द घरातून हद्दपार झाले. खुर्चीची उशी तेवढी सारखी बाथरूमच्या दाराआड सापडायची. बाई विसरतात असं समजून काका ती उचलून परत खुर्चीवर ठेवायचे, आणि 'विसरतात' हा शब्दही मनातून झटकून टाकायचे.

खरं तर त्यांचा सारा जन्म याच्या नेमकं उलट करण्यात गेला होता. नोकरी लिफ्टच्या तपासणीची. कुठल्याही लिफ्टसमोर उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, 'दोर तुटणार आहे असं धरून चाला.' मग ते तिच्या पोटाखाली शिरायचे आणि दोर तुटलाच तर रुळांना धरून ठेवणारी पकड नीट आहे का, ते बघायचे. असा माणूस उतारवयात 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणत घरभर फिरेल, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या जुन्या सोबत्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

बाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. खेळाचे नियम समोरच्याने ठरवले की आपण आधी खेळून बघायचं, ही त्यांची जुनी रीत होती.

रोज सकाळी दोघं समोरासमोर बसत. काका डोळे मिटत आणि सांगायला लागत. बाईंची शाळा, शाळेचा वर्धापनदिन, भरलेलं सभागृह. बाईंचं नाव पुकारलं जातं. बाई स्टेजवर उभ्या आहेत, कुणाच्या आधाराशिवाय. टाळ्या थांबत नाहीत. शाळेने खरोखरच बोलावलं होतं, दोन शब्द बोलायला. कार्यक्रम महिन्यावर आला होता.

"दिसलं?" काका विचारायचे.

"दिसलं," बाई म्हणायच्या.

तेवढ्यावर काकांचा सगळा दिवस निघायचा.

दुपारी व्यायाम घ्यायला फिजिओ आली. तरुण मुलगी, पण कामात कडक. तिने आल्या आल्या खोलीभर नजर फिरवली.

"काठी कुठे आहे?"

"तिची आता गरज नाही," काका म्हणाले.

"असं कुणी ठरवलं?"

काकांची नजर नकळत माळ्याकडे गेली. तिनेही वर बघितलं. पडद्याखालून काठीचं रबरी टोक बाहेर डोकावत होतं.

ती बाईंसमोर बसली आणि त्यांचा डावा हात हलकेच वर उचलू लागली. बाईंनी घाईघाईने बाही कोपराखाली ओढून घेतली. काकांना वाटलं, हिला गार लागतंय. त्यांनी उठून पंखा बंद केला.

"काका, आशा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही," व्यायाम संपल्यावर ती म्हणाली. "लोकांनी आशा सोडली तर माझं दुकान बंद होईल. पण नुसतं शेवटचंच चित्र बघत बसलं ना, की मनाला वाटतं, झालं की काम! मग ते पायाला कष्ट द्यायला तयार होत नाही. तुम्ही वाटेतलंही बघा की. त्या स्टेजला पायऱ्या किती आहेत?"

काकांनी डोळे मिटून रोजचं चित्र आठवलं. टाळ्या त्यांना ऐकू येत होत्या, फुलांचा गुच्छ दिसत होता, माइकची उंचीसुद्धा दिसत होती. पायऱ्या दिसत नव्हत्या. त्यांच्या चित्रात बाई कायम वर पोचलेल्याच असायच्या.

"कठडा आहे का? कुठल्या बाजूला?"

"बघतो," काका पुटपुटले.

"आणि बाथरूममध्ये दांडा बसवा. किती वेळा सांगू?"

"दांडा बसवायचा म्हणजे आपणच कबूल केल्यासारखं होतं, की ती कधीतरी..."

"कधीतरी काय?"

तो शब्द तर काकांनीच घराबाहेर काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले. निघताना बाईंना म्हणाले, "बसून राहा हं." बाई म्हणाल्या, "मी कुठे पळून जातेय?"

सभागृह रिकामं होतं. स्टेजच्या कडेला पाच पायऱ्या होत्या. कठडा नव्हता, ना या बाजूला ना त्या. काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग सवयीने खिशातली टेप काढून ते वाकले. पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा चांगली तीन बोटं उंच होती. इतके महिने झोपलेला त्यांचा जुना डोळा उघडला. याच पायऱ्यांवर ते रोज सकाळी बाईंना डोळे झाकून चढवत होते.

"साहेब, काही दुरुस्ती निघालीय का?" वॉचमनने विचारलं.

"नाही. पाहुणे यायचेत," काका म्हणाले आणि भरभर घरी निघाले.

घरात खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर उशीही नव्हती. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं.

बाई फरशीवर बसल्या होत्या. पाठीशी ती उशी. शेजारी बादली पालथी घातलेली. नळाला टॉवेलची घट्ट गाठ, आणि त्याचं दुसरं टोक त्यांच्या उजव्या हातात. चेहरा शांत होता, केस मात्र कपाळाला चिकटले होते.

"घाबरू नका. लागलेलं नाही. उठतच होते, जरा दम खायला थांबले."

काका दारातच उभे राहिले. टॉवेलला गाठ काही आजच पहिल्यांदा मारलेली नव्हती, त्या जागी आधीच्या पिळांच्या घड्या पडल्या होत्या. बाईंची बाही वर सरकली होती आणि कोपरावरचा डाग हिरवट पडला होता. उशी दाराआड का सापडायची, ते त्यांना आत्ता कळलं. आणि आपण ती रोज काही न विचारता उचलून परत का ठेवत होतो, तेही.

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा असेल."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"कुठल्या शब्दात सांगू?" बाई म्हणाल्या. "शब्दच काढून घेतलात तुम्ही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना सोपं गेलं असतं. ते भिंतीला टेकत टेकत खाली आले आणि बाईंशेजारी ओल्या फरशीवर बसले. पँट भिजली.

"तुला झालं त्याच्या आदल्या दिवशी तू माळा आवरत होतीस," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं, एवढी दगदग करू नकोस, झटका यायचा एखादा. चेष्टेत म्हटलं होतं गं. आणि दुसऱ्याच दिवशी... मीच बोललो होतो ते."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. एवढे महिने हा माणूस हे एकटाच उरावर घेऊन हिंडत होता, हे कळून त्यांना भडभडून आलं. पण त्या शेवटी पहिलीच्या बाई. रडणाऱ्यापुढे आपण रडायचं नसतं.

"तुम्ही दर लिफ्टपुढे उभं राहून काय म्हणायचात?"

"दोर तुटणार."

"किती तुटले?"

काकांनी नाक पुसलं. "एकही नाही."

"मग? तुमची जीभ काळी असती तर या शहरात एक लिफ्ट शिल्लक राहिली नसती. बोलाफुलाला गाठ पडली, झालं. माझी एक नस तुंबली, त्यात तुमच्या जिभेचा एवढा मोठा पराक्रम कसला?"

काकांना हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. दोन्ही एकदम आवरता येईनात. बाईंनी टॉवेलचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"पण रोज सकाळी तुला स्टेज दिसायचं ना?" तोंड पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"तुम्ही दिसायचात."

"म्हणजे?"

"मी डोळे मिटतच नव्हते कधी. तुम्ही मिटून बसायचात. दिवसभरात तेवढाच वेळ तुमच्या कपाळावरची आठी जायची. मग मी तुमच्याकडेच बघत बसायचे. मला बरं वाटायचं."

उठायचं कसं, ते बाईंनीच काकांना शिकवलं. आधी गुडघा, मग बादली, मग टॉवेल. ओढायचं नाही, नुसतं धरून राहायचं. दोन दमांत त्या उभ्या राहिल्या.

संध्याकाळी ड्रिलच्या आवाजाने सगळी इमारत दणाणली. दांडा बसवून झाला तेव्हा बाई दारात खुर्ची घेऊन बसल्या होत्या. काकांनी दांड्याला दोन्ही हातांनी धरलं, गुडघे दुमडले आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकून लोंबकळले.

"अहो, पडाल!"

"पडू दे," काका लोंबकळतच म्हणाले. "बघायलाच हवं."

मग त्यांनी माळ्यावरून काठी खाली काढली. यावेळी स्टुलाच्या डुगडुगत्या पायाखाली त्यांनी आधी पुठ्ठ्याची घडी सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नेहमीसारखी समोरासमोर बसली. टाळ्यांचा विषय काकांनी काढला नाही.

"पाच पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "कठडा नाही. शाळेला सांगून एक लावून घेऊ, पण नाही लावला असंच धरून चालू. पहिली पायरी उंच आहे, तीन बोटं जास्त. कुठला पाय?"

काकांनी समोर बघितलं. त्यांचे स्वतःचे डोळे आज उघडे होते, आणि बाईंनी आपले मिटले होते. भुवया जवळ आल्या होत्या. उजव्या पायाचा अंगठा चपलेत हळूच हलला.

"उजवा," बाई म्हणाल्या. "काठी डाव्या पायाबरोबर. आणि पडले तर?"

"तर मी डाव्या बाजूला आहे."

बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता दुसरी सांगा."