अर्धी काळी काच

समोरून : जीप

चाकाखाली घमेलं चेपलं आणि कोंडिबा बनसोडे ब्रेकवर उभाच राहिला. मागची पोती पुढे सरकली, शेजारी बसलेल्या मल्लिनाथ हमालाचं कपाळ काचेवर आपटलं. ट्रक थांबला. समोर आता काहीच नव्हतं. जीप केव्हाच निघून गेली होती. पण तिचे चार दिवे कोंडिबाच्या डोळ्यांत तसेच पेटलेले होते. जिकडे मान वळवावी तिकडे चार हिरवे गोळे.

"खाली बघ," तो मल्लिनाथला म्हणाला. "म्या उतरत न्हाय. तूच बघ."

मल्लिनाथ बॅटरी घेऊन उतरला. रस्त्याकडेच्या चरातून एक बाई कोंडिबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. इतक्या शिव्या जिवंत माणूसच देऊ शकतं हे ध्यानात आल्यावर कोंडिबा खाली उतरला.

चरात गजराबाई बसली होती. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून बाया गावाकडे निघाल्या होत्या. तोंडावर जीपचा झोत आला म्हणून तिने पदर ओढून घेतला, आणि मागून कडेला आलेल्या ट्रकची फळी तिच्या डोक्यावरच्या घमेल्याला लागली. घमेलं गेलं, डोकं राहिलं. ती शिव्या कोंडिबाला देत होती. जीपला कुणीच काही म्हणत नव्हतं. जीप नानासाहेबांची होती.

गजराबाईला काखेत हात घालून उठवणारी बाई वळली. ती मालन होती. कोंडिबाची बायको.

"तू कुठं हुतीस?"

"हितंच की. हिच्या म्होरं," मालन म्हणाली. "रोज हितंच आसती."

मालन खडीवर जाते हे त्याला ठाऊक होतं. भावाची पोरं त्याच्याच घरात होती, एका पगारात भागत नव्हतं. पण रोज दिवेलागणीनंतर तो तिच्याच खांद्याला घासून ट्रक नेत होता आणि त्याला ती एकदाही दिसली नव्हती.

समोरून : कोणीही

कोंडिबा खरेदी-विक्री संघाचा ट्रक चालवायचा. दुष्काळी कामावरच्या लोकांसाठी आलेला अमेरिकेचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, उमरग्याच्या गोदामात दिवसभर भरायचा आणि अंधार पडता पडता मुरुमला निघायचं. रस्ता एका गाडीचा. समोरून दुसरी आली की दोघांनीही एकेक बाजूची चाकं मातीत उतरवायची. आणि त्याआधी दिवे खाली करायचे. क्लचच्या डाव्या हाताला जमिनीवर एक बटण असतं, डाव्या पायाने दाबायचं. झोत आभाळातून रस्त्यावर येतो. ह्याला डिपर म्हणतात, आणि ह्याला काही पैसे पडत नाहीत.

तरी कुणी देत नसे.

हैदराबादकडचे ट्रक. एक दिवा गेलेला, दुसरा झाडावरची पाखरं मोजणारा.

ठेकेदाराचा ट्रॅक्टर. दिवा एकच, तोही मडगार्डवर तिरपा. बघणाऱ्याला वाटावं मोटारसायकल आली. बाजूने जायला जावं तर समोर अख्खी ट्रॉली.

बँकेचे साहेब, खरोखरच्या मोटारसायकलवर. डिपर दिला तर उलट हॉर्न वाजवतात. काय वाईट वाटलं म्हणून, कोण जाणे.

कोंडिबा सगळ्यांना डिपर द्यायचा. सायकलला द्यायचा. बैलगाडीला द्यायचा. मल्लिनाथ म्हणायचा की आमचा ड्रायव्हर म्हशीला डिपर देतो आणि म्हसरं त्याला रामराम घालतात. कोंडिबा चिडायचा. म्हशीचे डोळे काय लाकडाचे असतात का, असं विचारायचा. मग मल्लिनाथ सगळ्या हमालांना ते वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचा.

पण ह्या सगळ्यांवर कडी नानासाहेबांच्या जीपची होती. खाली दोन दिवे, वर टपाच्या कडेला दोन. रोज मुरुमकडून येणार, रोज त्याच पट्ट्यात भेटणार, रोज चारही उघडे. आणि डोळे दिपले की माणूस आपोआप डावीकडे जातो. डावीकडे बाया असतात. एवढंच सांगायचं होतं कोंडिबाला, आणि घमेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो ते सांगत सुटला.

जमादाराला सांगितलं. जमादार म्हणाला, गाडीला दिवा नसता तर केस केली असती. चार आहेत म्हणून कशी करू? संघाचे सेक्रेटरी आण्णासाहेब ह्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काळा चष्मा वापरायचा सल्ला दिला. कोंडिबाने विचारलं, रात्री? ते म्हणाले, मग दिवसा काय उपयोग. हॉटेलात सांगितलं तर चहावाल्याने उलट विचारलं, की नानासाहेब चेअरमन कोणाचे? संघाचे. तू नोकर कोणाचा? संघाचा. मग घरातलं भांडण बाहेर कशाला आणतोस?

समोरून : आबाराव

दोन वर्षांमागे लढाईच्या दिवसांत गाड्यांच्या दिव्यांना वरून निम्मा काळा रंग लावायचा हुकूम निघाला होता. संघाच्या गोदामात त्यातला एक डबा उरला होता, वर साय धरलेला. कोंडिबाने साय फोडली, खाली रंग ओला होता.

संघाच्या मीटिंगचा दिवस. भर दुपारी जीप लिंबाखाली उभी. कोंडिबा सरळ गेला, उकिडवा बसला आणि डाव्या दिव्याच्या वरच्या निम्म्या काचेवर ब्रश फिरवू लागला. लपूनछपून नाही, दाराला रंग देतात तसा. कड जरा वाकडी आली, ती त्याने अंगठ्याने सरळ केली. उजवा दिवा संपत आला तेव्हा त्याच्यासमोर दोन चपला येऊन थांबल्या.

जीपचा ड्रायव्हर आबाराव. ह्या माणसाला कोंडिबाने रोज रात्री मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. तो उठला नाही. ब्रश तसाच धरून राहिला.

"वरच्या दोनास्नी बी लाव," आबाराव म्हणाला.

कोंडिबाने वर पाहिलं.

"थट्टा न्हाय. लाव. म्हंजी मलाबी रस्ता दिसंल जरा." आबारावाने जीपचं दार उघडलं. "हितं ये. बघ."

क्लचच्या डाव्या हाताला बटण नव्हतं. तिथे पत्र्याचा चौकोनी तुकडा ठोकून बसवला होता. त्यावरचा रंग पायाच्या घासण्याने गेला होता आणि पत्रा चांदीसारखा चकाकत होता.

आबाराव सांगत राहिला, जीपशी बोलावं तसं. एका निवडणुकीच्या वेळी साहेबांनी बटण काढायला लावलं होतं. आपण कुणापुढं दिवं खाली करायचं न्हाय, म्हणाले होते. तेव्हा हसण्यावारी बोलले असतील, पण मेकॅनिकने खरंच काढलं आणि मग परत लावायचं कुणी म्हणेना. "तुझा ट्रक आला की पाय जातोच माझा. जातो आन् पत्र्यावर पडतो."

कोंडिबाने डबा उचलला आणि टपाच्या दिव्यांसाठी बॉनेटवर चढला. आबारावाने खालून डबा धरला.

समोरून : रस्ता

त्या संध्याकाळी जीप आली आणि गेली. एवढंच झालं. येताना तिचे दिवे रस्त्यावर पडले होते, आणि रस्ता दिसत होता. त्याच्या कडेची माती, मातीतल्या पाऊलखुणा, बाभळीचं खोड. डावीकडे बाया ओळीने चालल्या होत्या. मालन दिसली. तिने घमेलं उलटं डोक्यावर घातलं होतं आणि ती गजराबाईला काहीतरी सांगत हसत होती. घरात ती अशी हसत नसे. ट्रक शेजारून जाताना तिने मान वळवून पाहिलं, नवऱ्याच्या ट्रककडे बाईने पाहू नये अशा मोकळेपणाने.

"यप्पा," मल्लिनाथ म्हणाला, "माणसं हैत की ह्या रस्त्यावर."

दुसऱ्या संध्याकाळीही तसंच झालं.

समोरून : नानासाहेब

तिसऱ्या सकाळी बोलावणं आलं. नानासाहेब रागावले नव्हते. ते कधीच रागावत नसत, म्हणून तर लोक त्यांना भीत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मागे आण्णासाहेब, थोडा लांब आबाराव, जमिनीकडे पाहत.

जीपला हात कुणी लावू दिला, असं त्यांनी विचारलं. कोंडिबा म्हणाला की ड्रायव्हर चहाला गेला होता, त्याने एकट्यानेच लावला. आबाराव जमिनीकडेच पाहत राहिला.

मग नानासाहेबांनी त्याला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. जीप लांबून दिसली की लोक थांबतात. कुणाला टँकर हवा असतो, कुणाला कामावर नाव घालायचं असतं, कुणाचा अर्ज असतो. दिवे झाकले तर त्यांना कसं कळणार कोण आलं?

"साहेब," कोंडिबा म्हणाला, "थांबणाऱ्याला दिसतं. चालणाऱ्याला दिसंना. बाया असत्यात डाव्या अंगाला. माझी बायकू असती."

नानासाहेबांनी मान हलवली. मनापासून हलवली. "हे आधी का न्हाय सांगितलं? आण्णासाहेब, बनसोडेच्या बायकोला उद्यापासून तळ्याच्या कामावर घाला. गावाशेजारीच आहे. दिवस मावळायच्या आत घरात." मग कोंडिबाकडे वळून, तितक्याच प्रेमाने, "झालं तुझं काम? जा, आबारावाकडून रॉकेल घे आणि पुसून टाक ते काळं. आज संध्याकाळी मला बाहेर जायचंय."

तळ्याचं काम मिळावं म्हणून लोक आठवडा आठवडा सेक्रेटरीच्या दारात बसत. कोंडिबाने हात जोडले. विचारून सांगतो, म्हणाला.

"कुणाला विचारून?"

"तिला."

अंगणात कुणीतरी हसलं. नानासाहेबही हसले, आणि संध्याकाळच्या आत सांग म्हणाले.

समोरून : मालन

मालन खडीच्या ढिगावर होती. त्याने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तळ्याच्या कामाचं सांगताना त्याचा आवाज नकळत हलका झाला. तिथे सावली आहे, म्हणाला. पाणी हाताशी आहे.

तिने हातोडी खाली ठेवली नाही.

"मला तळ्यावर घातल्यावर तुमास्नी दिसाय लागंल व्हय?"

त्याने ढिगातला एक दगड उचलला आणि परत ठेवला.

"ट्रक तुमीच चालवणार. बाया ह्याच आसणार. मी न्हाय एवढंच." तिने ढिगावर बसलेल्या गजराबाईकडे पाहिलं. "उद्या हिला उडवल्यावर घरी येऊन मला काय सांगणार तुमी? तू न्हवतीस, बरं झालं, आसं?"

"नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाच तिला राग येत होता. "माझ्यावर ढकलू नका. मी तळ्यावर जात न्हाय, एवढंच माझं सांगणं. पुसायचं का न्हाय ते तुमचं तुमी बघा."

संघाच्या कचेरीत जाऊन कोंडिबाने आण्णासाहेबांच्या टेबलावर ट्रकची किल्ली ठेवली. पुसणार नाही, म्हणाला. आण्णासाहेबांनी त्याला बराच वेळ समजावलं. रॉकेल दोन मिनिटांचं काम आहे, माणसाने हट्ट कुठे करावा हे कळलं पाहिजे. ते बोलत असताना खिडकीतून लिंब दिसत होता. लिंबाखाली आबाराव फडकं घेऊन काच पुसत होता. चारही काचा त्याने पुसल्या. अगदी स्वच्छ पुसल्या.

समोरून : जीप

संघाच्या ट्रकवर आता मुरुमचा वीरप्पा होता. कोंडिबा खडी फोडत होता. स्टिअरिंगने घट्टे पडलेल्या हातांना हातोडीच्या जागी नवे फोड आले होते.

दिवसाचं काम सुटलं. अंधार पडला. बाया निघाल्या, बायांबरोबर तो. गजराबाई म्हणाली, डायवर, गेअर टाका की, किती हळू चालताय. बाकीच्या हसल्या. त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि मग त्यालाही थोडं हसू आलं.

वळणावर उजेड फुटला. आधी बाभळीच्या शेंड्यांवर, मग खोडांवर, मग एकदम तोंडावर. चारही दिवे. मागून ट्रकचाही आवाज येत होता. बाया नेहमीसारख्या थबकल्या, पदर तोंडावर गेले.

कोंडिबा मालनच्या पुढे आला. थोडा उजवीकडे, डांबराच्या कडेवर. त्याने तोंड वळवलं नाही, डोळ्यांवर हातही घेतला नाही. नुसता चालत राहिला. मागे दोन पावलं वाजली, मग आणखी दोन.

"आसंच चला," मागून मालन म्हणाली. "तुमच्या सावलीत पायाखालचं दिसतंय."

तिच्या मागे गजराबाई आली, गजराबाईच्या मागे दुसरी, आणि सगळ्या ओळीने निघाल्या, एकामागे एक. ट्रक त्यांच्या अंगाला न लागता निघून गेला. जीपने लांबलचक हॉर्न दिला.

कोंडिबाला काहीच दिसत नव्हतं. तो चपलेने डांबराची कड चाचपत सरळ चालत होता, फार भराभर नाही, मागच्यांना गाठता येईल इतक्या बेताने.