शाळेची पूर्वेकडची भिंत

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणत मिस्त्रींनी टेबलावरचा खडू उचलला आणि पसरलेल्या काळ्या कापडावर एक ठसठशीत चौकोन काढला. "ही कंपनीची गाडी. हा मी. मागच्या सीटवर, मधोमध."

"मधोमध बसलेलं सगळ्या गावानं पाहिलंय, भाऊजी," बेकरीवाला मेहुणा म्हणाला. "चढलात कशाला, तेवढं सांगा."

"आणि खडू खाली ठेवा," शिंपीणवहिनी म्हणाल्या. "उद्याचा फलक आहे तो."

फलकावर 'खाण' एवढंच शिवून झालं होतं. 'नको' अजून कात्रीखाली होतं. तूर्त तो फलक कंपनीचाच वाटत होता.

वकीलताईंच्या हातात कंपनीचं उत्तर होतं. तासाभरात त्यांनी ते तीनदा वाचून दाखवलं होतं, आणि दर वेळी त्याच ओळीवर त्यांचा आवाज बारीक झाला होता. परदेशी कंपनीला गावाखालचा कोळसा हवा होता; तोही बोगदा मारून नव्हे, तर वरची जमीन सायीसारखी काढून. दोन महिने चाचणीचे सुरुंग उडत होते. त्या हादऱ्यांनी शाळेची पूर्वेकडची भिंत फाटली, असा गावाचा अर्ज होता आणि त्याची सुनावणी उद्या अकराला. सुरुंगांनीच भेग पडली असं ठरलं, तर काम थांबणार होतं. नाही ठरलं, तर शाळेपासून कालव्यापर्यंतची वस्ती वर्षाच्या आत उकरली जाणार होती. शिंपीणवहिनींच्या दुकानात बसलेल्या पाचही जणांची घरं त्यात होती. आणि कंपनीनं लिहिलं होतं: 'विश्वसनीय स्थानिक माहितीनुसार सदर भेग सत्तावीस वर्षे जुनी आहे.'

सत्तावीस वर्षांपूर्वी ती भिंत मिस्त्रींनी बांधली होती. आणि मंगळवारी मिस्त्री कंपनीच्या गाडीत होते. दोन आणि दोन चार करायला गावात कुणाला पाटी लागत नव्हती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर शाळेच्या मुख्याध्यापिका बाई 'खाण'मधली कच्ची शिलाई उसवत बसल्या होत्या. उद्याच्या मुख्य साक्षीदार त्याच होत्या. सुरुंगांआधी भिंत धडधाकट होती, असं त्यांचं प्रतिज्ञापत्र वकीलताईंच्या पिशवीत तयार होतं.

"चढलो, कारण त्यांना चकवायचं होतं," मिस्त्री म्हणाले. आयुष्यात त्यांनी जेवढ्या विटा रचल्या, त्याहून जास्त गोष्टी रचल्या होत्या, आणि गोष्टींचं काम कधी ओळंब्याबाहेर गेलं नव्हतं. "कंपनीची इंजिनीयर मॅडम म्हणाली, गावातल्या भेगा दाखवा. म्हटलं, चला. नेलं कुठं? तर यांच्या बेकरीत!"

"माझ्या?" मेहुणा उठलाच.

"पुढच्या दारानं नेलं, भट्टीमागची चीर दाखवली. पहिलं घर. मग गल्लीतून वळसा घालून मागच्या दारानं. तीच चीर, दुसरं घर. मग गोदामातून. मॅडम मोजतेय, दुभाषा लिहितोय, मी आपला म्हणतोय, 'या गरीब विधवेच्या घराची अवस्था बघा.' पाच घरं झाली, पण बेकरी काही संपेना."

"मंगळवारी दिवसभर मी तिथेच होतो!"

"होतात की. पिठाच्या पोत्यावर. तोंड उघडं टाकून घोरत होतात. मॅडमनं तुमचाही फोटो घेतलाय. भेग क्रमांक चार."

शिंपीणवहिनींना हसू आवरेना. मेहुण्यानं आधी डोळे वटारले, मग त्याच्याही मिशा हलल्या. "म्हणजे कंपनीच्या कागदात माझे दात आहेत?"

"होते तेवढे सगळे."

हसण्यानं दुकानातली हवा जरा सैल झाली. मिस्त्रींना तेच हवं होतं. माणूस हसला की संशयाचा पाया खचतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी खडू फिरवून गाडीला दोन चाकंही काढली.

वकीलताई मात्र हसल्या नव्हत्या.

"काका, बेकरी राहू द्या. शाळेत गेला होतात का?"

मिस्त्रींचा अंगठा बोटांवर फिरू लागला, वाळू पारखताना फिरतो तसा.

गेले होते. बेकरीची फेरी रचलेली होती; गाडी, मॅडम आणि दुभाषा मात्र खरे होते. शाळा कुणी बांधली, असं विचारत गाडी दारात आली होती. त्यांच्या कामाची चौकशी करत कुणी दारात येऊन कितीक वर्षं झाली होती. चपला घालायचंही भान राहिलं नव्हतं. भिंतीपाशी ती मॅडम खाली बसली, भेगेतला सिमेंटचा माल नखानं कोरला, बोटांत चुरला आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाली.

"मॅडम म्हणतात," दुभाषा म्हणाला, "पाया उथळ आहे. ज्यानं खणला, त्याला काम येत नव्हतं."

"चार फूट खणलाय!" मिस्त्री ओरडले होते. "मुरूम लागेपर्यंत! सिमेंटच अर्धं दिलं, तिथं पाया बिचारा काय करील? मी तेव्हाच सांगितलं होतं, भिंत पहिल्या उन्हाळ्यात बोलेल म्हणून. आणि बोलली!"

दुभाष्यानं सांगितलं. मॅडमनं लिहून घेतलं, मान डोलावली आणि हात पुढे केला. मिस्त्रींनी तो हातात घेतलाही. घरी येऊन आंघोळ करताना, अंगावर तिसरा तांब्या घेतल्यावर, त्यांच्या डोक्यात उजेड पडला. तिला पाया उथळ वाटलाच नव्हता.

जन्मभर थापा मारल्या त्या आपल्याच माणसांना. आणि खरं बोलायची बुद्धी झाली ती नेमकी तिथं.

"काका?" वकीलताई म्हणाल्या.

"गेलो होतो," मिस्त्री म्हणाले. "का नाही जाणार? मॅडमनं विचारलं, ही भेग कधीची? तिच्या तोंडावर सांगितलं, तुमच्या सुरुंगाची. ही भिंत म्हणजे माझी लेक आहे. सत्तावीस वर्षं, दर वर्षी सफेदीच्या आधी मी जातो, उंबऱ्यात चपला काढतो आणि वरपासून खालपर्यंत तिच्यावरून हात फिरवतो. केसाएवढी चीर नव्हती. काचेवरून घसरावी, तशी माशी घसरायची तिच्यावरून. लिहून घे, म्हटलं. तिनं उलटंच लिहिलं, त्याला मी काय करू?"

ही गोष्टही सुबक उतरली. बोलता बोलता त्यांनी हवेत हात फिरवला आणि शिंपीणवहिनींनाही ती भिंत दिसली. खरं तर पहिल्या उन्हाळ्यात, सुट्टीत गुपचूप जाऊन त्यांनी ती चीर लिंपली होती आणि त्यानंतर या मंगळवारपर्यंत शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. पण हात कसा फिरला असता, ते हाताला ठाऊक होतं.

"असं आहे होय," मेहुणा हळूच म्हणाला. "आम्ही उगाच तुमच्यावर..."

"असू द्या. घरचाच माणूस आधी संशय घेतो."

वकीलताईंनी पेनाचं टोपण काढलं. "काका, हे उद्या शपथेवर सांगाल?"

"सांगेन की."

"बाईंच्या जोडीला तुमची साक्ष आली, तर कंपनीची ही ओळ टिकत नाही. बांधणाराच सांगतोय म्हटल्यावर!" त्या भराभर लिहू लागल्या. "दर वर्षी... सफेदीपूर्वी... स्वतः हात फिरवून. पूर्ण भिंत?"

"पूर्ण."

"खिडकीपासून फळ्यापर्यंत?"

"इंच न् इंच."

कोपऱ्यात दोरा तुटल्याचा बारीक आवाज झाला. बाईंनी कापड मांडीवरून बाजूला केलं, चष्मा काढला आणि पदराला पुसत राहिल्या.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, ते आम्हाला ताईच्या लग्नापासून माहीत आहे," मेहुणा हसून म्हणाला. "पण आत्ता जे सांगितलं..."

"आत्ताचंच म्हणतेय मी."

बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, ना चढा ना उतरलेला. मिस्त्री त्यांच्याकडे पाहत राहिले. खडू अजून त्यांच्या हातातच होता.

"हात फिरवायला भिंत दिसायला तरी हवी होती, मिस्त्री. खिडकीपासून फळ्यापर्यंत तिथं जगाचा नकाशा होता. सफेदीवाले त्याच्या कडेकडेनं रंगवायचे. एकदाही कुणाला काढू दिला नाही मी तो."

वकीलताईंचं पेन थांबलं. "का, बाई?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तपासणीवाल्यांना नकाशामागचं दिसलं असतं, तर शाळा बंद केली असती त्यांनी. पहिल्याच वर्षी," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात अर्जासाठी फोटो काढायचे होते ना, तेव्हा पहिल्यांदा उतरवला. मीच."