बळीराजाला खरं सांगितलं

खोटं बोलू नये असं लहानपणी मला ज्यांनी शिकवलं, त्यांना एकदा गाठून जाब विचारायचा आहे.

अकरा वर्षं मी त्रिशूरच्या एका मोठ्या कापडदुकानात साड्यांच्या काउंटरवर उभी होते. उभी होते असं मुद्दाम म्हणते, कारण बसायची परवानगीच नव्हती. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं, भिंतीला टेकायचं नाही. टेकलंच तर कॅमेऱ्यात बघून सुपरवायझर पौलोस माइकवरून काउंटरचा नंबर पुकारायचा. गिऱ्हाइकांना मात्र गुबगुबीत स्टूल आणि थंडगार लिंबू सरबत. सरकारने आमच्यासाठी बसायचा कायदा केला तेव्हा मालकांनी बारा स्टूल आणले. ते अजून गोदामात आहेत, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. तपासणीला साहेब येणार असले की बाहेर निघतात, साहेब गेले की परत आत. माझ्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा. मी पौलोसला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, "बघू, चेची." अजून बघतोच आहे.

ओणमच्या दिवसांत आमच्या दुकानात बळीराजा असतो. दारावरचा रखवालदार दिवाकरेट्टन, पोट मोठं म्हणून दरवर्षी तोच. मुकुट, ताडपत्राची छत्री, खोट्या मिशा. वर्षातून एकदा राजा पाताळातून वर येतो, आपली प्रजा सुखात आहे ना ते बघायला. म्हणून रोज दुपारी दिवाकरेट्टन माइक घेऊन सगळे मजले फिरतो आणि विचारतो, "काय, सुखी ना?" आपण म्हणायचं, "सुखी, महाराज." गिऱ्हाइकं टाळ्या वाजवतात. एवढंच असतं ते. खरं उत्तर कुणी देत नाही.

मी दिलं. त्या दिवशी पाय ठणकत होते, माइक तोंडाशी आला आणि मी म्हणून गेले, "कुठली सुखी, महाराज? सकाळपासून उभी आहे. तुमच्या राज्यात बायकांना बसायला मिळायचं का?"

दिवाकरेट्टनची एक मिशी ओठावरून सुटली. गिऱ्हाइकं पोट धरून हसली. सणाचं चित्रण करायला आलेल्या गावच्या केबलवाल्यांनी ते टिपलं आणि संध्याकाळी सगळ्या गावाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला, तर यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही. पदराला पुसून ठेवला, तरी नाही. मागे बायकांची रांग तुंबली. मग पौलोस आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चेची, तुमचं नाव काढलंय." ना चिठ्ठी ना चपाटी. कारण विचारलं तर त्याने बोट वर केलं, म्हणजे मालकांकडे की देवाकडे ते त्यालाच ठाऊक. अकरा वर्षांत मला एकदा तरी उशीर झाला का, असं मी विचारलं. तोवर तो दुसरीकडे वळला होता. ओणमला सहा दिवस उरले होते.

माझा नवरा प्रभाकरन रिक्षा चालवायचा. कंबर गेल्यापासून घरीच असतो, आणि आमचं घर माझ्या उभं राहण्यावर चालतं. तो ओरडला असता तर परवडलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "एक शब्द होता गं, सुखी. तेवढा म्हणता येत नव्हता तुला?" आणि तो काप तळायला केळी सोलत राहिला. बसून.

चार दिवसांनी पौलोसचा फोन आला. मालकांचं मन मोठं आहे म्हणे. उद्या, ओणमच्या आदल्या दिवशी, केबलवाले पुन्हा येणार आहेत. मी यायचं, बळीराजाने विचारलं की सुखी म्हणायचं, त्या दिवशी गंमत केली होती म्हणायचं, आणि सण झाला की कामावर यायचं. प्रभाकरन शेजारी कान लावून उभा होता, कंबरेवर हात ठेवून. मी हो म्हटलं. बसमध्ये वाटभर घोकत गेले, सुखी महाराज, सुखी महाराज.

माझ्या काउंटरवर शिम्ना नावाची नवी मुलगी होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. तिने गिऱ्हाईक समजून स्टूल पुढे केला, सरबत मागवलं. अकरा वर्षांत त्या स्टुलावर मी पहिल्यांदा बसले. इतका मऊ असेल असं वाटलं नव्हतं, रागच आला. समोर ती पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. काउंटरखाली एक चप्पल काढलेली. मीही तसंच करायचे.

पौलोस आला तेव्हा मी हळूच विचारलं, मी परत आले तर हिचं काय.

"तिचं काय? नाव काढायला कितीसा वेळ लागतो," तो म्हणाला.

तेवढ्यात बळीराजा आला. मिशी या वेळी घट्ट चिकटवलेली. मागे केबलवाले. दिवाकरेट्टनच्या डोळ्यांत विनवणी होती. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं, त्यालाही नोकरी हवी होती.

"काय विलासिनी, सुखी ना?"

"सुखी, महाराज," मी म्हटलं. पौलोसने श्वास सोडला. तिथेच थांबायचं होतं, पण थांबेल ती मी कसली. "अगदी सुखी. कामावरून काढलं, तेव्हापासून बसायला मिळतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. गिऱ्हाइकं वाकून काउंटरमागच्या बायकांच्या पायांकडे बघायला लागली. पौलोस माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चेची, उठा."

"मी गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं आणि शिम्नाला सोनेरी काठाची साडी दाखवायला सांगितलं. मग सरबत संपवायला पुष्कळ वेळ लावला, कारण घरी प्रभाकरनला काय सांगायचं ते मला काही केल्या सुचत नव्हतं.