लिटमसचा निकाल

आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख म्हणजे, माझं नशीब, माझे थोरले दीर. मीही त्याच विभागात शिकवते. सोडियम ज्यात बुडवून ठेवतो ते रॉकेल संपलं, तेव्हा त्यांनी सोडियमच्या बरणीत अल्कोहोल ओतायला घेतलं.

"भाऊजी, अल्कोहोल सोडियमपुढे आम्लासारखं वागतं. हायड्रोजन सुटेल," मी म्हटलं.

त्यांनी लिटमसचा कागद अल्कोहोलमध्ये बुडवून माझ्या नाकासमोर नाचवला. "बदलला रंग? हे आम्ल नाही आणि अल्कलीही नाही. मला शिकवू नकोस." असं म्हणून त्यांनी बरणी भरली आणि झाकण घट्ट दाबून बसवलं.

मी खिडकीपाशी सरकले. बरणीत भराभर बुडबुडे उठले आणि झाकण छतावर जाऊन आदळलं. विभागप्रमुख टेबलाखाली शिरले होते.

बाहेर येऊन कपडे झटकत ते म्हणाले, "म्हणजे हे आम्लच. मला शंका होतीच. मग आम्लाशी तरी याचं जमेल." त्यांनी उरलेलं अल्कोहोल पुढे ओढलं आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाची बाटली उघडली.

जोरकस आम्लापुढे हेच अल्कोहोल अल्कलीसारखं वागतं आणि भांडं सणसणीत तापतं. पण मला शिकवायची मनाई होती. मी पर्स उचलली आणि जाताना दार ओढून घेतलं.