कापूर पेटवण्याआधी

घरात मला सगळे ‘नाकवाली’ म्हणतात. सिलिंडर गळतो म्हणून मी एजन्सीचा माणूस दोनदा बोलावला होता. एकदा काहीच निघालं नाही, दुसऱ्यांदा टोपलीमागे सडलेला कांदा निघाला. माझी लेक राखी झाल्यापासून, म्हणजे गेले नऊ महिने, मला जरा जास्तच वास येतात, हे मलाही मान्य आहे.

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी माझे यजमान हेमराज अंगणात, आंब्याच्या सावलीत, गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. साकोलीला त्यांचं गॅरेज आहे, पण ही गाडी स्वतःची. जुनीच, छोटी, तिला टर्बो लावून नागपूरच्या शर्यतीत पळवायची हौस. टर्बोनं हवा वाढली, पेट्रोल मात्र तेवढंच. जोरात पळवली की इंजिन उपाशी पडायचं, भलतंच तापायचं. म्हणून इंजिनात पेट्रोल फवारणारे हे मोठे इंजेक्टर. त्यांचा मित्र विनोद चारही घेऊन सकाळीच आमच्या गावी, एकोडीला आला होता.

मी राखीला कडेवर घेऊन बघत होते. प्रत्येक इंजेक्टरला रबराची बारीक रिंग. वाटीतल्या ऑइलमध्ये बोट बुडवायचं, रिंगेला चोळायचं, मग हलक्या हातानं दाबायचं. एक झाला, दोन झाले, तीन झाले.

“साडेदहाच्या आत होऊ दे रे बाप्पा!” आतून सासूबाई ओरडल्या. “मंग राहुकाळ लागते!”

आमच्याकडे नवा पार्ट लागला की आरती झाल्याशिवाय चाक हलत नाही. सासरे होते तेव्हा शेतातल्या मोटारपंपाचीही व्हायची.

चौथा इंजेक्टर हेमराजनी कोरडाच दाबला. मी पाहिलं. बोलू का, बोलू का, म्हणता म्हणता राहून गेलं. बी.ए. झालेली बाई इंजिनातलं काय सांगणार?

“चाबी फिरव,” ते विनोदभाऊंना म्हणाले. इंजिन सुरू न करता नुसती चाबी फिरवली की पंप पेट्रोल भरतो. कुठे गळत असेल तर तेव्हाच दिसतं. पंप गुणगुणला. हेमराज टॉर्च घेऊन वाकणार, तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन आल्याच. हळद, कुंकू, नारळ आणि पेटलेला कापूर.

“सर बाजूले. दहा पंचवीस झाले.”

ते सरले. आईपुढे ते सरतातच.

आणि मला वास आला.

“आई, थांबा! पेट्रोलचा वास येतोय.”

“झालं सुरू!” गाडीतून उतरत विनोदभाऊ हसले. “वहिनी, मेकॅनिकच्या अंगणात काय मोगऱ्याचा वास येईन?”

“काहून अडवून राहिली तू? वेळ चालली,” म्हणत सासूबाईंनी ताट बॉनेटकडे नेलं.

मी राखीला विनोदभाऊंच्या हातात कोंबलं, ताट धरून मागे ओढलं आणि फुंकर मारली. कापूर विझेना. पुन्हा मारली, तेव्हा विझला.

तोंडानं आरती विझवणारी सून. सासूबाईंकडे बघायची माझी हिंमत होईना.

हेमराज मात्र टॉर्च मारून वाकले होते. “विनोद, चाबी बंद कर! बंद कर आधी!”

चौथ्या इंजेक्टरच्या डोक्याशी पेट्रोल पाझरत होतं, खालपर्यंत ओघळ गेला होता. इंजेक्टर काढला तर रिंग एका बाजूनं चिरलेली.

“घाईत कोरडीच दाबली मी,” ते म्हणाले.

“मी पाहिलं होतं.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुम्ही हसले असते.”

त्यावर कोणीच हसलं नाही. सासूबाई ओट्यावर बसल्या. त्यांनी विनोदभाऊंकडून राखीला मागून घेतलं आणि बराच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

नवी रिंग ऑइल लावून बसली. चाबी तीनदा फिरवून झाली, सगळं कोरडं होतं. हेमराजनी बॉनेट लावलं. बारा वाजून गेल्यावर सासूबाई पुन्हा ताट घेऊन आल्या, पण गाडीपासून दहा पावलं अलीकडेच थांबल्या. कापूर पेटवलेला नव्हता. काडेपेटी त्यांनी माझ्या हातात दिली.

“उर्वशी, तू पाहून घे बरं आधी.”

मी गाडीजवळ जाऊन वाकले, वास घेतला. मग दुसऱ्या बाजूनंही घेतला. कोणी घाई केली नाही.