सासूबाईंचा पलंग शेवटी चढला

पॉलिशवाला दारातूनच म्हणाला, "शनिवारी सकाळी घर रिकामं पाहिजे. रिकामं म्हणजे रिकामं, कुंडीसुद्धा नको. रविवारी संध्याकाळी या आणि फरशीत तोंड बघून घ्या."

"पण तुम्ही पुढच्या महिन्यात येणार होतात ना?" बायकोने विचारलं.

"पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."

 बायको दातांची डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात कापूस असताना बोलायची तिला सवय, त्यामुळे कोणी उलट उत्तर दिलं की ती गडबडते. मग तिने हॉटेलांना फोन लावले. कुत्रा चालेल, म्हणाले. मांजराचं बघू, म्हणाले. कासव म्हटल्यावर पलीकडून फोन ठेवण्यात आला.

"एवढं काय त्यात?" नवरा म्हणाला. "सहलीला जाऊ. घर बरोबर घेऊन."

हे तो थट्टेत बोलत नव्हता. लोकांचं घरसामान हलवणं हा त्याचा धंदा होता आणि दारात त्याचा स्वतःचा ट्रक उभा होता. सासूबाई राहायला आल्यापासून त्याला सगळेच जावईबापू म्हणू लागले होते; बायको चेष्टेने, पॉलिशवाला अगदी मनापासून.

अडचण होती ती सासूबाईंची. टेलिफोन खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या सासूबाई आपलं कपाट, पलंग आणि बाईसाहेब नावाची मांजर घेऊन लेकीकडे आल्या, त्याला तीन महिने झाले होते. आल्या दिवसापासून बाईसाहेब मागच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहत होती. सासूबाईंची बॅगही अजून उघडलेली नव्हती.

"बाईसाहेब रुळली तर मी राहीन," त्या म्हणाल्या, "नाहीतर सोमवारी आम्ही दोघी आपल्या घरी. आणि तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू. तुम्ही आणलंत छानच. एक बशी फुटली नाही."

जावयाला हे फार लागलं. एक तर सासूबाई पत्त्यांत इतक्या सफाईने लबाडी करत, की दुसऱ्या कोणाशी खेळण्यात त्याला गोडी उरली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, त्याने एकदा हलवलेलं सामान आजवर कधी परत गेलेलं नव्हतं.

"बाईसाहेब रुळेल," तो म्हणाला. "माझ्यावर सोडा."

"कशी?"

"ते जागेवर गेल्यावर कळेल." त्याला स्वतःलाही तेव्हाच कळणार होतं.

शनिवारी सकाळी ट्रक भरायला घेतला. सामान भरायचा त्याचा एकच नियम होता: जे उशिरा लागणार ते आत, जे लवकर लागणार ते दाराशी. सोफा गेला, टेबल गेलं, कपाट मांजरासकट गेलं. कपाट झुकलं तेव्हा आतून एक शिवी आली. मांजराच्या भाषेत होती, पण अर्थ पोचला. मुकादम नावाचा कुत्रा बाजूला बसून काम बघत होता. एक्सप्रेस हे कासव बादलीत होतं. राहिला फक्त सासूबाईंचा पलंग, कारण त्यावर बसून सासूबाई चहा पीत होत्या.

"आई, ऊठ ना."

"चहा गरम आहे."

चहा निवेपर्यंत सगळं घर ट्रकमध्ये गेलं होतं. पलंग चढला तो सगळ्यात शेवटी.

सहल निघाली तळ्याकाठच्या मोकळ्या माळरानावर; ते एका जुन्या गिऱ्हाइकाचं होतं. त्याचा पियानो जावयाने जिन्यावरून वर चढवून दिला होता. तेव्हापासून तो माणूस जावयाला कशालाच नाही म्हणत नसे. बेत साधा होता. दोन गाद्या, स्टोव्ह आणि चार खुर्च्या तेवढ्या उतरवायच्या, बाकी सामान ट्रकमध्येच राहू द्यायचं. बायको मुकादमाला फिरवायला घेऊन गेली, सासूबाई तळं बघायला गेल्या.

आता ट्रक थांबला की हात चालू, ही जावयाची वर्षानुवर्षांची सवय. त्याने दार उघडलं. दाराशी पलंग होता. तो उतरवून गवतावर ठेवला. मग पलंगाला लागून टेबल. टेबल आलं म्हणजे खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्यावर समोर सोफा नको? भानावर आला तेव्हा तो ट्रकमध्ये एकटा होता आणि बाहेर पूर्ण घर लागलं होतं. पायपुसणंसुद्धा जागेवर होतं. फक्त भिंती तेवढ्या घरी राहिल्या होत्या.

"अरे, हे काय केलंस?" बायको लांबूनच ओरडली.

"उतरवलं."

"सगळं?"

"हो ना. कपाट जरा तिरकं आहे, ते करतो सरळ."

मुकादमाने घराला एक वळसा घातला, मग पायपुसण्यावरून रीतसर आत आला आणि जिथे दार असायला हवं तिथे राखणीला बसला.

दुपारी गळ खांद्यावर टाकलेला एक म्हातारा तिथून चालला होता. बाजूने जायला सगळं माळरान मोकळं होतं, पण तो नेमका पायपुसण्याशी थांबला, बूट पुसले आणि खाकरला. मुकादम भुंकला.

"आहे का कोणी घरात?"

"या ना," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

म्हातारा आत आला, सगळीकडे नजर फिरवून म्हणाला, "घर हवेशीर आहे. वरचा मजला भाड्याने देणार का?"

"वरचं आमच्या हातात नाही," सासूबाई म्हणाल्या. "बसा. पत्ते येतात का?"

म्हाताऱ्याला येत होते. चौघांचा डाव बसला. पलंग मधोमध, त्यावर सासूबाई, भोवती बाकीचे. सासूबाईंनी म्हाताऱ्याला इतक्या झटपट लुबाडलं, की त्याने गळाला लागलेला एकुलता एक मासा काढून टेबलावर ठेवला. जावयाने हसता हसता उशी खाली पाडली आणि ती उचलायला वाकला, तर पलंगाच्या पायथ्याशी बाईसाहेब बसलेली. उघड्यावर. सगळ्यांच्या देखत. माशाकडे बघत.

कोणीच हललं नाही. बाईसाहेबने मासा उचलला, सासूबाईंच्या पायावर बसून खाल्ला आणि तिथेच अंग चाटायला घेतलं.

"माशासाठी आली," बायको कुजबुजली.

"घरी काय कमी मासे घातले?" जावई म्हणाला. "तेव्हा नाही आली ती."

सासूबाई पत्ते लावत होत्या. पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, "मागच्या खोलीत काय आहे, जावईबापू? तुम्ही इकडे हसता, ते मला भिंतीतून ऐकू येतं. उठून येईपर्यंत विनोद संपलेला. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, पण त्यांचं बोलणं मध्येच ऐकायची मला सवय नाही. आणि अर्धाच विनोद, तोही तुमचा. हाती काय लागणार?"

"आई, तू बोलली का नाहीस?" बायकोने विचारलं.

"लेकीच्या घरात पलंग कुठे ठेवा, हे मी सांगायचं?"

 जावई पलंगाकडे बघत राहिला. इतकी वर्षं लोकांची घरं लावली. प्रत्येक वेळी सामान कुठे ठेवायचं ते विचारून ठेवलं. आपल्या घरात मात्र मागची खोली शांत आहे म्हणून परस्पर ठरवून टाकलं होतं.

"हुकूम कोणाचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझा," सासूबाई म्हणाल्या. तो त्यांचा नव्हता, पण वाद कोणी घातला नाही.

रविवारी संध्याकाळी फरशी खरंच आरशासारखी झाली होती. त्यात स्वतःला बघून मुकादम अनोळखी कुत्र्यावर भुंकला. ट्रकच्या दाराशी परत पलंगच होता. या वेळी जावयाने तो मुद्दाम शेवटी चढवला होता.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "बघ ना आई, तोंड उघड. दुखणार नाही."

"बाहेरच्या खोलीत," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीशी."

सोफा मागच्या खोलीत गेला.

"आणि पाहुणे कुठे बसणार?" बायकोने विचारलं.

"माझ्या पायाशी. जागा असेल तर."

जागा नव्हती. तिथे बाईसाहेब आधीच पसरली होती.

सोमवारी सकाळी जावई उठून बाहेर आला, तर सासूबाई कपाटात साड्या लावत होत्या.

"ही बॅग उगाच पायात येते," त्या म्हणाल्या. "कुठे टाकता?"

जावयाने रिकामी बॅग उचलली, शिडी लावली आणि माळ्यावर ती अगदी आत, पार भिंतीपर्यंत ढकलली. मग तिच्यापुढे सगळं बाकीचं सामान रचलं.